कान जरा हुकलाय

“कान हुकलाय,” हिंदुराव चित्रापुढं उभे राहून पुटपुटले. “बाकी काय न्हाय. कान तेवढा हुकलाय.”

त्यांना वाटलं होतं घरात कुणी नाही. वैजयंती पडद्याआड स्वयंपाकघरात होती, शेंगाचटणी कुटता कुटता बत्ता हवेतच धरून. तिनं तो आवाज न करता खाली ठेवला आणि बोटांवर मोजलं. पहिल्यांदा रेवणप्पा. शेजारचा रेवणप्पा शिडी मागायला आला होता, शिडी घेतली आणि जाता जाता कानाचं बोलून गेला. मग नवरा शिवराज. मग लेक संस्कृती, तिला कान ‘फ्लॅट’ वाटला होता. आता सासरे. चार झाली.

चित्र बाहेरच्या खोलीत स्टुलावर भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. हिरवं इरकल लुगडं, कपाळावर आडवी चिरी, गळ्यात डोरलं. ही गोजरबाई, हिंदुरावांची बायको, वैजयंतीची सासू. जाऊन वर्ष होत आलं होतं. परवा वर्षश्राद्ध. घरात गोजरबाईचा भिंतीवर लावावा असा एकही फोटो नव्हता, म्हणून सुनेनं स्वतःच्या हातानं तैलरंगात तिला काढलं होतं. होटगी रोडच्या त्या सगळ्या कॉलनीत सासूला सुनेनं भिंतीवर चढवल्याचं हे पहिलंच उदाहरण असावं.

“मामा, चहा ठेवू?” तिनं पडद्याआडूनच विचारलं.

हिंदुराव दचकले. “ठेव की. आन लवंगेचा वास कशाचा येतोय गं तीन दिवस झालं? दाढ दुखतीया का कुनाची?”

“नाही मामा. रंगाचा आहे.”

“रंगाला लवंग?” म्हातारा जरा विचारात पडला. “मग कानाला लाव थोडी.”

हा कानाचा विषय वैजयंतीला नवा नव्हता. तिच्या मास्तरांनी, लालसाब पेंटरांनी, तिला पहिल्याच आठवड्यात बजावून ठेवलं होतं. “देखो बाई, लोकांना चेहऱ्याचं बोलायचं नसलं की लोक कानाचं बोलतात. कान को बोला तो समझना, मुखडा पास.”

लालसाबनी उभी हयात सिनेमाची पोस्टरं रंगवण्यात घालवली होती. नायकाचं एक नाक दाराएवढं, नायिकेची एक पापणी चटईएवढी. फ्लेक्स आले आणि शिडीवरून खाली उतरून त्यांनी विजापूर वेशीत एका सायकलच्या दुकानावरच्या खोलीत तैलचित्रांचा क्लास काढला. पद्धत एकच. आधी उस्तादाची नक्कल करायची. दहा नकला झाल्या की अकरावं चित्र आपलं. “अक्कल नकलेनंतर येते,” असं ते म्हणायचे, “आधी आली तर हात बिघडतो.”

उस्ताद मात्र क्लासात एकच होता. रंगाच्या कंपनीच्या जुन्या कॅलेंडरचं एक पान. त्यावर साडेतीनशे वर्षांपूर्वी कुण्या परदेशी चित्रकारानं काढलेली एक म्हातारी. डोक्यावर पांढरी टोपी, गालावर खिडकीतला उजेड, आणि डोळे असे की खोलीत कुठंही जा, मागं मागं येणार. लालसाब तिला बुढी अम्मा म्हणायचे. पानाच्या तळाला ऑगस्ट महिना होता. एका प्रामाणिक विद्यार्थ्यानं ऑगस्टसुद्धा उतरवला होता, सुट्ट्यांच्या लाल तारखांसकट.

वैजयंतीनं तीन वर्षांत बुढी अम्मा दहा वेळा काढली. पेन्सिलीनं चौकटी आखायच्या, एकेका चौकटीतलं तेवढंच बघायचं, तेवढंच उतरवायचं. चौकटीत नाक दिसत नाही, नुसता एक तपकिरी तुकडा दिसतो. ती म्हणे, “मास्तर, हे तर रांगोळीच्या ठिपक्यांसारखंच झालं.” लालसाब म्हणत, “हां. फक्त रांगोळी परत तुमच्याकडे बघत नाही.”

दहाव्या नकलेपर्यंत हाताला सवय झाली. इतकी, की चौकटी न आखताही हात बुढी अम्माच काढायचा. वैजयंतीनं एकदा टोमॅटो काढायला घेतला. त्यालाही गाल आले.

मग तिच्या नजरेला एक गोष्ट पडायला लागली. नवी पेठेत साडीच्या दुकानात गल्ल्यामागं मूळ पुरुषाचं तैलचित्र होतं, फेटा, झुपकेदार मिशा. वैजयंती साडी बघायची विसरून मिशांकडं बघत राहिली. मिशांमागं बुढी अम्मा होती. दाताच्या डॉक्टरांच्या दिवंगत सासऱ्यांच्या चष्म्याआडही तीच. मैंदर्गीला एका लग्नाला गेली, तर यजमान कल्लप्पांच्या बैठकीत त्यांचे वडील कपाळाला विभूतीचे तीन पट्टे ओढून बसलेले, आणि पट्ट्यांखालून बुढी अम्मा ओळखीचं हसत होती. लालसाबच्या वीस वर्षांतल्या विद्यार्थ्यांनी जिल्हाभरच्या भिंती एकाच बाईनं भरून टाकल्या होत्या. अमावास्येला तिला किती घरांत नारळ फुटत असतील, देव जाणे.

“छान काढलंय तुमच्या वडलांचं,” वैजयंती कल्लप्पांना म्हणाली.

“हौद्री,” कल्लप्पांनी कानडीत हो म्हटलं. मग जवळ सरकून, आवाज उतरवून, “कान तेवढा जरा…”

ती हसली होती तेव्हा. आता स्वतःच्या घरात चार तक्रारी झाल्यावर हसू येईना. कारण या घरात न बोलायची गोष्ट साधी नव्हती.

ती सांगून टाकलेली बरी, घरातलं कुणी सांगणार नाही. गोजरबाईला डावा डोळा नव्हता.

लहानपणी देवी आल्या, त्यात गेला. पापणी मिटली ती मिटलीच, आत खळगा, कडेला देवीचे तीन व्रण. गोजरबाई डोक्यावरचा पदर डावीकडून असा खाली ओढून घ्यायची की अर्धा चेहरा दाराआडच राहायचा. आणि घरात त्यावर कुणी कधी एक शब्द काढला नाही. भांडणात नाही, रागात नाही, आजारपणात नाही. नुसतं त्यावर नाही, डोळा हा शब्दच घरातून हद्दपार होता. डोळ्यांच्या डॉक्टरला चष्म्याचा डॉक्टर म्हणत. हिंदुराव होटगी जंक्शनला पॉइंट्समन होते, तिथं रेल्वे दरवर्षी त्यांचे डोळे तपासायची, तर घरी येऊन ते ‘कलरचं मेडिकल झालं’ म्हणायचे. संस्कृती तिसरीत असताना तिचे डोळे आले, तेव्हा शिवराजनं शाळेला चिठ्ठी लिहिली, ‘मुलीला ते आल्यामुळे दोन दिवस रजा मिळावी.’ बाईंनी घाबरून फोन केला होता.

आधार कार्डाच्या वेळी तर कहर झाला. मशीनवाली पोरगी म्हणाली, “आजी, डावा डोळा उघडा.” रांगेतली घरची चारही माणसं एकदम छताकडं बघायला लागली. हिंदुराव पुढं झाले आणि म्हणाले, “मशीन बिघडलंय तुमचं.” पोरीनं एकदा मशीनकडं बघितलं, एकदा गोजरबाईकडं, आणि निमूटपणे काय ते बटण दाबलं. त्या कार्डावर गोजरबाईचा जो फोटो आला, तो पदर, सावली आणि नाकाचा शेंडा असा होता. संस्कृती म्हणाली होती, “ॲपमध्ये टाकून क्लिअर करते.” ॲपनं तिची तरुण नटी करून दिली, टपोऱ्या दोन डोळ्यांची. सगळे ‘वा’ म्हणाले आणि फोन खाली ठेवला.

घरातली बाज भिंतीला अशी लावलेली की गोजरबाईची डावी बाजू कायम भिंतीकडं. बसायचं ते तिच्या उजवीकडं. हिंदुरावांची खुर्ची उजवीकडं, पाहुण्यांची सतरंजी उजवीकडं. वैजयंती नवी नवरी म्हणून आली, तिलाही कुणी सांगितलं नाही, तीही आपोआप उजवीकडं बसली. पंचवीस वर्षं बसली.

शेवटची दोन वर्षं गोजरबाई अंथरुणाला खिळली आणि अंघोळ सुनेकडं आली. अंघोळीला पदर नसतो. पहिल्या दिवशी वैजयंतीनं उजवा गाल धुतला, मान धुतली, आणि हात थांबला.

“धू की,” गोजरबाई म्हणाली. “ती काय उसनी बाजू न्हाय.”

त्या दिवसापासून दोघींचं जमलं. पंचवीस वर्षं भाजीतल्या मिठावरून जे तुंबलं होतं, ते न्हाणीघरातून वाहून गेलं. वैजयंती आठवड्यातून दोनदा लालसाबकडं जायची तेव्हा गोजरबाईच तिला ढकलायची, “जा की. मी काय पळून जात न्हाय.” जवसाच्या तेलाची बाटली बघून म्हणायची, “चटनीचं जवस भिताडाला लावतीस, बया.” आणि एकदा, केस पुसून घेताना, उजवा डोळा बारीक करून म्हणाली, “साठ वर्सं झाली, ह्या मानसानं माज्या डाव्या अंगाला पाय ठेवला न्हाय. बघवत नसंल त्येला. कसं बघवंल?” मग मान वळवून म्हणाली, “तू काढशील न्हवं मला? काढ. पन निम्मी काढू नगंस.”

“नाही काढणार आत्या,” वैजयंती म्हणाली.

तर ते अकरावं चित्र. बुढी अम्माशी झटापट करून करून वैजयंतीनं ते काढलं. हात सवयीनं टोपीकडं जायचा, ती ओढून पदरावर आणायची. पण डाव्या डोळ्याशी आल्यावर हात आपसूक ताळ्यावर आला. तिथं नकलायला उस्ताद नव्हता, चौकट नव्हती. फक्त दोन वर्षं रोज धुतलेली एक जागा होती. ती मिटलेली पापणी, तो खळगा, ते तीन व्रण, एका दुपारी झालं. लालसाबनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “ये तुम्हारी है,” म्हणाले. “बाकी सगळी अम्माकडून उसनी.” कानाचं काही बोलले नाहीत.

महिन्यापूर्वी तिनं ते घरी आणून स्टुलावर ठेवलं. सगळे गोळा झाले. पाणी यायचा दिवस होता, नळाला धार लागलेली, पण भांडं बदलायला कुणी उठेना. पिंप भरून वाहिलं.

“चांगलं जमलंय,” शेवटी शिवराज म्हणाला. “अपुरं आहे ना अजून?”

“नाही.”

“म्हणजे… होईलच पुरं. अजून महिना आहे.”

“मम्मी, फिनिशिंग राहिलंय,” संस्कृती म्हणाली, खिडकीतून बाहेर बघत. हिंदुराव उठले. चहापत्ती आणायला गेले. चहापत्तीचे दोन पुडे घरात होते.

पुढचे तीन आठवडे रोज कुणीतरी विचारायचं, “झालं का पुरं?” वैजयंतीनं का सांगितलं नाही, की बाबांनो, हे पुरंच आहे? सून होती म्हणून. हे सून बोलली तर टोमणा ठरतो. गोजरबाईचा लेक बोलला तर दुःख ठरलं असतं. आणि तिचा नवरा बोलला तर काय ठरलं असतं, हे अजून कुणी ऐकलेलं नव्हतं.

शेवटी श्राद्धाला पाच दिवस उरले तेव्हा तिनं ब्रश उचलला आणि मिटलेल्या पापणीवर डोळा काढला. त्याला काही कष्ट पडले नाहीत. हातानं डोळे मिटून काढला म्हटलं तरी चालेल. बुढी अम्माचा डोळा, ओला, चमकदार, मागं मागं येणारा. फक्त रंग कालवताना तिनं त्यात दाताच्या दुखण्याचं लवंगतेल दोन थेंब घातलं. ही लालसाबचीच युक्ती. “लवंग का तेल डाल दिया तो रंग आठ दिवस सोचत बसतो, सुकत नाही.” खालची पापणी महिन्याभरात सुकून घट्ट झाली होती. वरचा डोळा ओला होता. टर्पेंटाइनची चिंधी एकदा फिरवली की वरचा जाईल, खालची राहील. आठ दिवस. त्यात कुणी बोललं तर ठीक, नाहीतर शिवराजनं काचेची फ्रेम सांगून ठेवलेलीच होती. काचेत गेली की गोजरबाई संपली, आणि बुढी अम्माला आणखी एक घर मिळालं.

डोळा आल्यावर घराला हायसं वाटलं. आणि तेव्हापासून कानाच्या तक्रारी सुरू झाल्या.

रेवणप्पा म्हणाला म्हणून कान खाली घेतला. शिवराजला तो लोंबतोय असं वाटलं, म्हणून वर घेतला. संस्कृतीसाठी तो फुगवला. रंगावर रंग चढून कान चित्रातून बाहेर आला, चिमटीत धरता येईल इतका. हिंदुरावांचं पुटपुटणं ऐकल्यावर वैजयंतीनं संध्याकाळी कान तासून काढला आणि पदर पुढं ओढून झाकूनच टाकला. आता बोला म्हणावं.

श्राद्धाच्या दिवशी सकाळीच माळशिरसहून नणंद आली. सगळे तिला आक्काच म्हणत. तिनं चप्पल काढता काढता हुंदका काढला, चित्रापुढं आली, पदर तोंडाला लावला, आणि पदराच्या आतून म्हणाली, “वैजू, कान कुटं हाय गं?”

“पदराखाली आहे आक्का.”

“पदराखाली कशाला? आईचे कान केवढे सुरेक होते! काय खोट हुती का कानात, झाकून ठेवायला?”

“खोट नव्हती,” शिवराज घाईनं म्हणाला.

“मग? बघनाऱ्याला वाटंल बाईला कानच न्हवता.” आक्काचा आवाज चढला. पै-पाहुणे येऊन सतरंजीवर बसले होते, सवयीनं खोलीच्या त्याच बाजूला. गुरुजी दर्भ मोजत होते. लालसाब पांढरा सदरा घालून दाराशी अवघडून बसले होते. “आईला काय कमी न्हवतं! आईला चांगले दोन…”

आक्का थांबली.

दोन हा आकडा खोलीत तसाच लोंबकळत राहिला. सतरंजीवरची वीस-बावीस माणसं मनातल्या मनात मोजत होती, हे त्यांच्या तोंडांवरून कळत होतं. रेवणप्पाला खोकला आला. संस्कृतीनं फोन उलटा करून मांडीवर ठेवला. गुरुजी तेवढे बाहेरचे, ते म्हणाले, “दोन काय?”

“कान,” शिवराज म्हणाला.

“कान,” आक्का म्हणाली. “दोन कान.”

“चला, मग हार घाला,” गुरुजी म्हणाले. “यजमानांनी यावं.”

हिंदुराव आपल्या खुर्चीत बसले होते. बाज गेली तरी खुर्ची होती तिथंच होती, आणि चित्राचं स्टूल शिवराजनं नेमकं बाजेच्या जागी ठेवलं होतं, म्हणजे खुर्ची गोजरबाईच्या उजवीकडंच, साठ वर्षांची जागा. म्हातारा उठेना. तो चित्राकडं बघत होता. मग खुर्चीत जरा डावीकडं सरकला. मग उजवीकडं. मग वाकला, चप्पल शोधल्यासारखं केलं, आणि एकदम वर बघितलं.

“बगतीया,” तो म्हणाला.

“कोण आण्णा?” शिवराजनं विचारलं.

“ती. त्या बाजूनं बगतीया मला.”

“चित्र आहे आण्णा. हार घ्या.”

हिंदुरावांनी हार घेतला. उठले. चार पावलं चित्रापर्यंत आले, आणि थांबले नाहीत. चित्राला वळसा घालून पलीकडं गेले, भिंतीकडच्या बाजूला, जिथं या घरातलं कुणी कधी उभं राहिलेलं नव्हतं. तिथं जागा अशी नव्हतीच. भिंत आणि स्टूल यांच्यामध्ये म्हातारा आडवा होऊन कसाबसा मावला, हार छातीशी धरून. वैजयंतीनं कमरेला खोचलेली चिंधी चाचपली. ती सकाळपासून तिथंच होती.

“अंतरपाट खाली झाला,” हिंदुराव म्हणाले. कुणाला म्हणत होते ते कळेना. “तवा मला दिसलं. त्या आदी तिच्या बापानं एकाच अंगानं बसवून दावली हुती. मला काय वाईट वाटलं न्हाय. शपथ. पन तिनं माज्याकडं आसं बगितलं, आता ह्यो काय म्हनतोय म्हनून. मी म्हनलं, आपल्याला दिसलंच न्हाय आसं करावं. म्हंजी तिला लाजल्यासारकं हुनार न्हाय. म्हनून उजवीकडनं बसलो. मग रोजच बसलो.” म्हाताऱ्यानं हार जरा सावरला. “मग सांगायचं ऱ्हाऊनच गेलं.”

खोलीत लवंगेचा वास दाटला होता. आक्का हळूच म्हणाली, “आण्णा, कानाचं…”

“कान ऱ्हाऊ द्या गं!” हिंदुराव ओरडले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा आवाज त्या घरात एवढा चढला असेल. मग तो एकदम खाली आला. “तुमच्या आईला डावा डोळा न्हवता. एकच डोळा हुता तिला. मला ठावं हुतं. वैजंता, ह्यो डोळा पूस. ओला हाय तवर पूस.”